ईव्ह ऑनलाइन रिव्ह्यू: ट्युटोरियल संपलं, आता करायचं काय?

ईव्ह ऑनलाइन टाकून घेतलेल्या जवळपास प्रत्येकाचा मला येणारा मेसेज एकच असतो, "ट्युटोरियल झालं, आता काय करू?" त्यामुळं या रिव्ह्यूत ग्राफिक्स कसे, साउंड कसा यावर फार वेळ घालवत नाही, या प्रश्नावरच जास्त लिहितो, कारण हा गेम तुम्हाला वर्षानुवर्षं धरून ठेवणार का आठवड्यात अनइन्स्टॉल होणार हे इथंच ठरतं. सांगलीत खेळणारे आम्ही बोटावर मोजण्याइतकेच, बाकी सगळे बीजीएमआय नाहीतर व्हॅलोरंटवाले, म्हणून मराठीत कुणीतरी नीट लिहावं असं कधीपासून वाटत होतं. माझ्याकडून ५ पैकी ४ स्टार, एक का कापला ते पुढं येईलच.

ज्यांनी नावच ऐकलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आइसलंडच्या सीसीपी गेम्स या कंपनीचा हा स्पेसशिपचा गेम, मे २००३ मध्ये आला आणि अजून जोरात चालू आहे. चीनचा सर्व्हर वेगळा आहे, तो सोडला तर सगळं जग एकाच सर्व्हरवर खेळतं, म्हणजे सांगलीतला तुम्ही आणि जर्मनीतला एखादा एकाच बाजारात खरेदी करता. न्यू ईडन नावाचं हे जग, त्यात सात हजारांच्या वर सोलर सिस्टिम. जहाजं, तोफा, गोळ्या, बाजारात दिसणारा बहुतेक माल खेळाडूंनीच बनवलेला असतो आणि भावही तेच ठरवतात. आणि जहाज फुटलं की फुटलं, इन्शुरन्सचे थोडे पैसे मिळतात पण जहाज परत मिळत नाही.

आता मूळ मुद्दा. बाकी गेममध्ये काय करायचं हे विचारावंच लागत नाही, लेव्हल वाढवायची, पुढच्या मॅपला जायचं, बॉस मारायचा, रस्ता आखलेलाच असतो. इथं कॅरेक्टरला लेव्हलच नाही. स्किल आहेत पण ती घड्याळावर वाढतात, तुम्ही रांगेत लावून ठेवायची, मग तुम्ही झोपलेले असा, कॉलेजात असा नाहीतर गणपतीच्या मिरवणुकीत असा, स्किल आपलं ट्रेन होत राहतं. खेळून ते फारसं लवकर होत नाही आणि रांगेत लावलेलं असेल तोवर न खेळल्यानं थांबतही नाही. त्यामुळं "लेव्हल वाढवायला खेळतोय" हे कारणच गेमनं काढून घेतलंय, आणि नवा माणूस गडबडतो तो यामुळंच. मला स्वतःला ही गेमची सगळ्यात मोठी ताकद वाटते, पण पहिल्या आठवड्यात ती ताकद आहे हे कळत नाही, नुसतं मोकळं मोकळं वाटतं.

मग माणूस काय करतो, तर दुसऱ्याचं टार्गेट उचलतो. बरेच जण येतात ते २०१४ च्या जानेवारीतल्या बी-आर फाइव्ह-आर-बी च्या लढाईबद्दल वाचून. एका सिस्टिमचं बिल वेळेत भरलं गेलं नाही, ताबा सुटला आणि त्यावरून २१ तास लढाई झाली, साडेसात हजारांवर खेळाडू त्यात सामील होते, ७५ टायटन, म्हणजे गेममधली सगळ्यात अवाढव्य जहाजं, फुटले आणि नुकसानीचा हिशोब तीन लाख डॉलरच्या घरात लावला गेला. हे वाचून कुणाच्याही अंगावर काटा येणारच! पण मग पहिल्या दिवशी "मला टायटन पाहिजे" असं ठरवून बसायचं म्हणजे वर्षानुवर्षं वाट बघण्याचा गोल झाला, त्यात आज रात्री साडेनऊला लॉगिन केल्यावर करायचं काय याचं उत्तर मिळत नाही. दुसरा प्रकार म्हणजे यूट्यूबवरच्या "तासाला सगळ्यात जास्त आयएसके कशात" या याद्या. आयएसके म्हणजे इथला पैसा. त्या याद्या खोट्या नसतात, पण त्यातलं काम तुम्हाला आवडतंय का हे त्यांना कुठं माहीत असतं. दगड फोडत बसणं ज्याला शांत वाटतं त्याला मायनिंग फार छान आहे, सुरुवातीचं व्हेंचर नावाचं जहाज खास त्यासाठीच आहे, पण ज्याला पाच मिनिटांत कंटाळा येतो त्यानं आकडे बघून मायनिंग धरलं तर तो गेमच सोडणार, आणि असे सोडून गेलेले मी बघितलेत.

माझं म्हणणं एवढंच, की टार्गेट असं पाहिजे जे एका संध्याकाळी सुरू करून तिथंच त्याचा काहीतरी निकाल दिसेल आणि जे तुम्हाला मुळातच आवडणाऱ्या गोष्टीतून निघालं असेल. मग त्यातूनच पुढचं आपोआप निघतं.

माझ्या एका मित्राचं सांगतो. त्याच्या घरची मार्केट यार्डात हळदीची अडत आहे, लहानपणापासून भाव, आवक, तूट हेच ऐकत मोठा झालाय. त्याला लढाई नको, मायनिंग नको, तो सरळ गेला जिताला. जिता ही एक सिस्टिम आहे, तिथल्या एका स्टेशनवर न्यू ईडनमधला सगळ्यात मोठा बाजार भरतो. तिथं त्यानं बाय ऑर्डर, सेल ऑर्डर, ब्रोकर फी, टॅक्स हे सगळं असं पटकन पकडलं की आम्ही बघतच राहिलो. मग त्याच्या लक्षात आलं की लांबच्या एका आडबाजूच्या स्टेशनवर गोळ्या, ड्रोन, मायनिंगचं सामान एकतर मिळत नाही नाहीतर भलतंच महाग, आणि तिथं नवे खेळाडू मात्र रोज येतात. त्यानं ठरवलं की या स्टेशनवर नव्या माणसाला लागणारी कुठलीच वस्तू संपू द्यायची नाही. बस, हे त्याचं टार्गेट! कुठल्याही यादीत नाही, गेमनं दिलेलं नाही. रोज दुकान उघडल्यासारखं तो येतो, काय संपलं बघतो, जिताहून माल भरतो, भाव लावतो. फायदा ठीकठाक होतो पण त्याला खरी मजा वाटते ती शेल्फ भरलेलं बघण्यात. आणि त्यातून तो बाकीचं शिकला, म्हणजे मालवाहू जहाज कसं मजबूत करायचं, एका खेपेला किती किमतीचा माल न्यायचा, उएदामासारख्या सिस्टिममधून जाताना का जपायचं. कारण हायसेक म्हणजे सुरक्षित भाग असला तरी तिथं कुणीही तुमच्यावर गोळी झाडू शकतो, कॉन्कॉर्ड नावाचे पोलीस येऊन त्याला नक्की उडवतात पण तोवर तुमचं जहाज गेलेलं असू शकतं, आणि माल जहाजाच्या मानानं फार महाग असेल तर लोक स्वतःचं जहाज घालवून तो लुटतात. हे सगळं ट्युटोरियल शिकवत बसलं असतं तर झोप आली असती, त्याला गरज पडली म्हणून डोक्यात बसलं.

मला स्वतःला नकाशे आणि अनोळखी रस्ते आवडतात, त्यामुळं मी एक्सप्लोरेशनला चिकटलो. हेरॉन नावाचं स्वस्त जहाज, त्यात स्कॅनर प्रोब, म्हणजे लपलेल्या जागांचे सिग्नल शोधणारी छोटी यंत्रं. सिस्टिममध्ये गेलं की आठ प्रोब सोडायचे, नकाशावर त्यांचे गोल दिसतात, ज्या सिग्नलवर संशय आहे त्यावर ते गोल आणून ठेवायचे, मग छोटे करायचे, परत स्कॅन, परत सरकवायचे, आणि आकडा १०० टक्क्यांवर गेला की तिथं वॉर्प करता येतं, म्हणजे झपाट्यानं थेट त्या जागी जाता येतं. पोचल्यावर कंटेनर हॅक करायचा, जाळ्यासारखा बोर्ड उघडतो, एकेक ठिपका उघडत फायरवॉल चुकवत कोअरपर्यंत जायचं, दोनदा फसलात तर कंटेनर मालासकट फुटतो. हे चालू असताना दुसरा डोळा आसपास कोण आहे ते दाखवणाऱ्या डायरेक्शनल स्कॅनवर, त्याची रेंज १४.३ एयू (एक एयू म्हणजे पृथ्वी ते सूर्य एवढं अंतर), त्यात दुसऱ्या कुणाचे कॉम्बॅट प्रोब दिसले तर समजायचं की कुणीतरी आपल्याला शोधतंय. वर्महोलमध्ये, म्हणजे अनोळखी सिस्टिममध्ये नेणाऱ्या तात्पुरत्या बोगद्याच्या पलीकडं, तर लोकल चॅटमध्ये बोलल्याशिवाय कुणी आहे हे दिसतच नाही. छातीत धडधडतं हो अक्षरशः! माझं रोजचं टार्गेट साधं असतं, एका वर्महोलमधून आत जायचं, पलीकडं कुठं निघतं ते बघायचं आणि सापडलेलं घेऊन जिवंत परत यायचं. जेवण झाल्यावर बसलं की झोपायच्या आत निकाल लागतो, आणि मेलो तरी हेरॉन स्वस्त, दुसरं घ्यायचं. जे गमवायला परवडणार नाही ते जहाज घेऊन बाहेर पडायचंच नाही, ही इथली जुनी शिकवण आहे आणि शंभर टक्के बरोबर आहे.

अशी स्वतः ठरवलेली टार्गेट लोक कुठवर नेतात ते बघा. केटिया साए नावाच्या कॅरेक्टरनं ठरवलं की न्यू ईडनमधली प्रत्येक सिस्टिम बघायची, वर्महोलमधल्या धरून, आणि २०१९ मध्ये ते पूर्ण केलं, नऊ वर्षांच्या वर लागली आणि एवढ्या सगळ्यात एकही जहाज गमावलं नाही. कंपनीनं गेममध्ये त्या कॅरेक्टरचा पुतळा उभारला. मोलिया सिस्टिममध्ये खेळाडूंनी चालवलेली स्मशानभूमी आहे, मेलेल्या पायलटचे देह तिथं आणून ठेवतात, खऱ्या आयुष्यात गेलेल्या मित्रांची आठवण म्हणूनही लोक तिथं येतात. सिग्नल कार्टेल नावाचा एक गट आहे, ते कुणावर हल्ला करत नाहीत आणि वर्महोलमध्ये अडकलेल्या लोकांना बाहेर काढतात. आणि गेमच्या आतच प्रोजेक्ट डिस्कव्हरी आहे, त्यात खेळाडूंनी पेशींचे फोटो ओळखले, बाहेरचे ग्रह शोधायला मदत केली, २०२० पासून कोविडच्या संशोधनाचा डेटाही लावून दिला. यातलं एकही टार्गेट कुणी लादलेलं नाही, म्हणून हा गेम मला मनापासून आवडतो.

तरीही ज्याला काहीच सुचत नाही त्यानं करिअर एजंटची, म्हणजे नव्यांना कामं देणाऱ्या गेममधल्या पात्रांची, कामं करावीत, लढाई, धंदा, शोध सगळ्याची चव मिळते आणि सुरुवातीची जहाजं, पैसेही मिळतात. पण ती संपवायची म्हणून संपवू नका, त्यातलं कुठलं काम करताना वेळ कसा गेला कळलं नाही तेवढं लक्षात ठेवा. कुणी तुम्हाला उडवलं आणि ते कसं केलं याचंच कुतूहल वाटलं, तर तेही टार्गेटच आहे, त्यालाच मेसेज करून विचारा, बरेच जण मन लावून सांगतात. ईव्ह युनिव्हर्सिटी म्हणून २००४ पासूनचा एक गट आहे, नव्यांना शिकवणं हेच त्यांचं काम, त्यांची विकी तर उघडूनच ठेवा. इंग्रजी तुटकंमुटकं असलं तरी चालतं.

आपल्याकडच्या लोकांनी टार्गेट ठरवताना घड्याळ मात्र बघा. गेमची वेळ यूटीसी आहे, म्हणजे आपल्या साडेपाच तास मागं, युरोपवाल्यांची गर्दी आपल्या मध्यरात्रीच्या पुढं होते, सकाळी कामावर जायचंय त्यानं तसला गट धरला तर झोपेचं खोबरं. रशियन टाइमचे गट आपल्या रात्रीच्या जेवणानंतर जमतात, ऑस्ट्रेलियावाले दुपारी-संध्याकाळी, त्यात बघा, नाहीतर आठवडाभर एकट्याची कामं आणि रविवारी फ्लीट, म्हणजे गटाबरोबरची मोहीम. रोज संध्याकाळी साडेचारला सर्व्हर थोडा वेळ बंद होतो. सर्व्हर लंडनला असल्यानं सांगलीच्या विश्रामबागेतून माझं पिंग दीडशेच्या वर असतं, पण गेम सेकंदाच्या ठोक्यावर चालतो त्यामुळं फरक पडत नाही. पावसाळ्यात मध्येच लाईट जाते तेव्हा जहाज आपोआप वॉर्प करून दूर जातं आणि लढाईत नसाल तर थोड्या वेळानं दिसेनासं होतं, तरी वर्महोलला जाणार असाल तर राउटरला छोटा यूपीएस लावाच. ८ जीबी रॅमच्या माझ्या साध्या लॅपटॉपवर लो सेटिंगला व्यवस्थित चालतो.

आता तो कापलेला स्टार. एकतर यूआय, म्हणजे स्क्रीनवरची मांडणी, खिडक्यांवर खिडक्या, बारीक अक्षरं, सुरुवातीला कुठलं बटण काय हेच कळत नाही, आणि एवढ्या वर्षांत हे अजून सोपं करायला पाहिजे होतं. दुसरं म्हणजे पैसे. नोव्हेंबर २०१६ पासून अल्फा म्हणून फुकट खेळता येतं, पण स्किल निम्म्या वेगानं वाढतात, ५० लाख पॉइंटला ट्रेनिंग थांबतं आणि बरीच जहाजं मिळत नाहीत. पूर्ण गेम म्हणजे ओमेगा, त्याचा महिन्याचा दर २०२२ मध्ये साधारण १५ वरून १९.९९ डॉलर केला, आपल्याकडच्या विद्यार्थ्याला हे जडच जातं. गेममधल्या आयएसकेनं बाजारातून प्लेक्स, म्हणजे ओमेगाच्या बदल्यात चालणारी वस्तू, घेऊन ओमेगा करता येतं, पण नव्या माणसानं तेच टार्गेट धरलं तर गेमची नोकरी होते, म्हणून निदान पहिले काही महिने तरी प्लेक्सचा विषय डोक्यात घेऊ नका.

मी सांगितलेलं हेरॉन अल्फात उडवता येतं, मित्राचं दुकान अल्फातच सुरू झालं होतं, ऑर्डर थोड्याच लावता येतात तेवढीच अडचण. त्यामुळं आधी फुकटात खेळा, आपलं काय ते सापडू द्या, आणि त्या कामाला ओमेगाचं एखादं जहाज किंवा स्किल खरंच अडतंय असं झालं तर एकाच महिन्याचे पैसे भरा, वर्षाचं पॅकेज लगेच घेऊ नका.