रजेचं अॅप घेताय? आमच्या वेर्ण्याच्या प्लांटमधला अनुभव वाचा

मी गोव्यात वेर्ण्याला एका औषध कंपनीत एचआरमध्ये आहे, रजेचा सगळा हिशोब माझ्याकडे. जाडजूड रजिस्टर बंद करून आम्ही पगाराच्या सॉफ्टवेअरसोबत येणारं रजेचं अॅप घेतलं. खाली तक्रारीपण लिहिल्यात म्हणून नाव देत नाही, पण अशी अॅप्स साधारण सारखीच असतात, त्यामुळे कोणी घ्यायच्या विचारात असेल तर उपयोग होईल.

आधी चांगलं सांगते. कामगाराला स्वतःची शिल्लक रजा स्वतःच्या मोबाईलवर दिसते, नुसत्या एवढ्यासाठीपण अॅप घ्यावं असं माझं मत. वीस दिवस काम केलं की एक दिवस पगारी रजा, हा फॅक्टरी कायद्यातला हिशोब १९४८ पासूनचा आहे, पण लाइनवरच्या किती जणांना तो माहीत असतो? विचारायला ऑफिसात यायचं म्हणजे संकोच, मग साहेब देतील तेवढी रजा. आता कँटीनमध्ये चहा पिता पिता बघतात (प्लांटमध्ये मोबाईल नेता येत नाही, लॉकरमध्ये ठेवावा लागतो) आणि सरळ विचारतात की मॅडम गेल्या महिन्याची वाढली का नाही. पूर्वी ही रजा लागू व्हायला वर्षात कामाचे २४० दिवस भरावे लागायचे, नव्या लेबर कोडमध्ये (कामगार कायद्यात) ते १८० झालेत, ते सेटिंगही आम्हाला बदलता आलं.

दुसरी सोय देश निवडायची. आमची थोडी माणसं दुबईला आणि लिस्बनला आहेत म्हणून ती लागते, पण यादी उघडली की बघतच राहावं. यूएईत वर्ष भरलं की ३० दिवस. पोर्तुगालमध्ये कामाचे २२ दिवस आणि वर सुट्टीचा वेगळा भत्ता. फ्रान्सने १९३६ मध्ये दोन आठवड्यांनी सुरुवात केली, १९८२ पासून पाच आठवडे आहेत. ब्राझीलमध्ये ३० दिवस, आणि रजेवर जाताना पगाराच्या एक तृतीयांश रक्कम जास्तीची मिळते! अमेरिकेत मात्र फेडरल कायद्याने एकही दिवस नाही, सगळं कंपनीच्या मर्जीवर. आपल्याकडे वर्षभर नीट हजेरी असली तर पंधराएक दिवस होतात, आयएलओचा (आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा) १९७० चा करार किमान तीन आठवडे म्हणतो पण भारताने तो मान्य केलेला नाही.

मला सगळ्यात आवडलेलं फीचर जपानसाठी बनवलेलं आहे. तिकडे लोक रजा घेतच नाहीत म्हणून २०१९ पासून कायदाच केलाय, की ज्याला वर्षाला दहा किंवा जास्त दिवस मिळतात त्याला त्यातले पाच तरी मालकाने घ्यायला लावायचेच. अॅप त्यासाठी सुपरवायझरला आठवण करत राहतं, अमक्याने अजून रजा घेतली नाही म्हणून. मी ते आमच्या प्लांटलाही चालू केलं. पॅकिंगला एक काका आहेत, दोडामार्गहून रोज बसने येतात, चवथ (गणेश चतुर्थी) सोडून कधी रजा नाही. सुपरवायझरने बोलावून स्क्रीन दाखवली तर म्हणाले, "माझी येवढी रजा आसा?" मग मे महिन्यात मुलीकडे पुण्याला जाऊन आले. बरेच जण रजा साठवून पैसे घेतात, गरज असते, मला कळतं, पण युरोपात किमान चार आठवड्यांच्या रजेचे पैसे नोकरी सोडतानाच मिळतात, एरवी रजा घ्यावीच लागते, आणि मला तेच बरोबर वाटतं. माणूस थकलेलाच राहिला तर त्या पैशांचं काय करायचं.

आता खटकलेलं. सुट्ट्यांचं कॅलेंडर तयार येतं त्यात गोवा म्हणून काही नव्हतंच, ३ डिसेंबरचं सेंट फ्रान्सिस झेवियरचं फेस्त नाही, १९ डिसेंबरचा मुक्तिदिन नाही, सगळं हाताने भरलं. हे आधी भरा, नाहीतर सुट्टीचा दिवसही रजेत कापला जातो, आणि चवथीच्या आठवड्यात अर्धा प्लांट रजेवर असताना हे निस्तरायचं म्हणजे जीव जातो. सपोर्टला फोन केला तर तिकीट (लेखी तक्रार) टाका म्हणतात आणि उत्तर दोन दिवसांनी.

पण सगळ्यात मोठी चूक वेगळीच आहे. सुपरवायझरने रिजेक्ट दाबलं की तो अर्ज गायब, कामगारालाही दिसत नाही आणि मलाही नाही. फॅक्टरी कायद्यात पुढच्या वर्षी ३० दिवसांपर्यंतच रजा नेता यायची, पण रीतसर मागून नाकारलेल्या रजेला ती मर्यादा नव्हती, म्हणजे नाकारल्याची नोंद हाच कामगाराचा पुरावा. ती नोंदच पुसली जात असेल तर आमचं जुनं रजिस्टर बरं म्हणायचं, त्यात निदान लाल शाईत शेरा तरी असायचा. हे सुधारेपर्यंत आम्ही अर्जाची एक कागदी प्रत सही करून घेतो. घ्यायच्या आधी डेमोमध्ये एक रजा मुद्दाम रिजेक्ट करायला लावा आणि नंतर ती कुठे दिसते ते दाखवा म्हणावं, दाखवता आली नाही तर पैसे देऊ नका.