परसात एकच वाफा : माठ पेरावा की कुर्डू राखावी?

आमच्या गुहागरकडे हा प्रश्न ऋतूच सोडवतो. आषाढात तांबडा माठ पेरायच्या फंदात पडू नका. बी खसखशीएवढं, राखेत मिसळून टाकलं तरी एका सरीत वाहून वाफ्याच्या कोपऱ्यात गोळा होतं. उगवलंच, तर ओलीने पानाखाली पांढरे फोड येतात. मी दोन वर्षं हट्टाने करून पाहिलं. त्याच दिवसांत कुर्डू ही रानभाजी मात्र कुणी न पेरता बांधावर उभी!

दोन्ही राजगिऱ्याच्या कुळातल्या. (पालक आणि बीटही आता त्याच कुळात धरतात.) कोवळेपणी गफलत होते, म्हणून पानाचं टोक बघा. माठाच्या टोकाला बारीकशी खाच असते. कुर्डूचं पान भाल्यासारखं निमुळतं. पानाच्या बगलेत काट्यांची जोडी दिसली तर तो काटेमाठ, उपटाच.

फुलोऱ्यात मात्र चूक होणं शक्य नाही. माठाची नर आणि मादी फुलं वेगवेगळी, पण एकाच झाडावर. पानांच्या बगलेत झुपक्याने येतात आणि कुणाचं लक्षही जात नाही. कुर्डूच्या एकाच फुलात दोन्ही असतं : पाच कागदी दलं, आत तळाशी जुळून पेला झालेले पाच पुंकेसर. तुरा आधी गुलाबी, मग खालून वर रुपेरी होत जातो. वाळलेला तुरा तळहातावर चुरडा. इवल्या कुप्यांची झाकणं सुटतात आणि चकचकीत काळं बी सांडतं, एकेका कुपीत अनेक. माठाच्या कुपीत एकच. शेजारी नाचणी असेल तर कुर्डू बी धरण्याआधी काढा, नाहीतर पुढच्या वर्षी नाचणीत तीच दिसेल.

चवीत माझं मत माठाला. महिन्याभरात उपटता येतो, जून देठही वाया जात नाहीत आणि भात गुलाबी होतो म्हणून पोरं खातात. तो रंग बीटाच्याच जातीचा, पाण्यात सुटणारा. कुर्डू जराशी उग्र. चणाडाळ आणि ओलं खोबरं हवंच. तुरा येण्याआधीच खुडा, नंतर पान चरबट होतं.

मी पावसाळाभर बांधावरची कुर्डू खातो. गणपती गेले, पाऊस ओसरला की वाफा खणतो आणि माठ टाकतो. कुर्डूचे दोन-चार तुरे तेवढे फुलदाणीत जातात, पुढे कित्येक आठवडे तसेच राहतात.