गाडी विकली, पण नावावरून गेलीच नाही

फसवणूक म्हटलं की पैसे बुडाले असंच आपण धरून चालतो. माझा त्या व्यवहारात एक रुपयाही बुडाला नाही. ठरलेले साडेसव्वीस हजार त्या माणसाने टेबलावर मोजून दिले, वर चहा पाजला. म्हणूनच मला इतके महिने संशय आला नाही.

२०१४ ची स्कूटर, एमएच ११, सातारा पासिंग. दिवाळी २०२३ च्या आधी पुण्यात एका ऑटो कन्सल्टंटला, म्हणजे जुन्या गाड्या घेऊन विकणाऱ्याला, विकली. दुकान मोठं, बाहेर वीसेक गाड्या पुसून उभ्या. त्याने आरसी घेतली, आधार-पॅनची झेरॉक्स घेतली आणि दोन फॉर्म पुढे सरकवले. "काका, टीटीवर सह्या करा फक्त. बाकीचं आम्ही भरतो." टीटी म्हणजे गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे फॉर्म, नमुना २९ आणि ३०. घेणाऱ्याचं नाव, तारीख, रक्कम, सगळं कोरं. मी विचारलं, "नाव कुणाचं टाकणार?" तो म्हणाला, "गिऱ्हाईक मिळालं की त्याचं." मला ते पटलं. आयुष्यभर बँकेत नोकरी केली, कोऱ्या चेकवर सही करू नका म्हणून शेकडो लोकांना सांगितलं, आणि इथे चार सह्या ठोकून मोकळा झालो.

जानेवारीत मेसेज आला: विनाहेल्मेट, खारघर, ५०० रुपये. फोन केला तर "काका, आरटीओत गर्दी आहे, काम लावलंय." सांगायला लाज वाटते, पण ते चलन मीच भरलं. पाचशेसाठी कुठे वाद घालायचा! पुढे आणखी सहा आली. तोवर कन्सल्टंटने माझा फोन घेणं बंद केलं होतं.

ऑगस्ट २०२४ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या एका पोलीस ठाण्यातून फोन आला. माझ्या गाडीने एका पायी चालणाऱ्या माणसाला उडवलं होतं, त्याचा पाय मोडला होता. "गाडी तुमच्या नावावर आहे. चालवत कोण होतं?" मी म्हटलं, साहेब, मी ती विकली. पलीकडून शांतपणे प्रश्न आला, "कुणाला?" त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. विमा जानेवारीतच संपला होता, आणि दुसऱ्याच्या गाडीचा विमा मी कशाला भरेन?

नंतर उलगडा झाला तो असा. कन्सल्टंटने गाडी त्याच कोऱ्या टीटीवर दुसऱ्या दलालाला दिली, त्याने तिसऱ्याला. नावावर करायचा खर्च आणि कटकट कुणालाच नको होती. गाडी तीन हात फिरली, कागदावर मालक मीच.

जखमी माणसाने माझ्यावर भरपाईचा दावा केला, तेव्हा माझ्या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल पुढे ठेवला, नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार. त्यातही गाडी अशीच हातोहात विकली गेली होती, नोंद मात्र पहिल्याच मालकाची राहिली होती. न्यायालयाने सांगितलं की नोंदीत ज्याचं नाव, भरपाईची जबाबदारी त्याची. जखमी माणसाने खरेदीदारांची साखळी शोधत कुठे फिरायचं? निकाल वाचताना राग आला, पण त्या जखमी माणसाच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हटलं असतं.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५० मला तेव्हा समजलं. गाडी राज्यातल्या राज्यात विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं, आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नावावर करून घ्यायची. कळवायचं काम माझं होतं, कन्सल्टंटचं नव्हे. आणखी एक गोष्ट अजून बोचते. एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र लागतं. गाडी त्याच्या ताब्यात देताना नमुना २९ सी भरून कळवलं की विकेपर्यंत जबाबदार मालक तोच धरला जातो. म्हणजे मी विकली तेव्हा मला वाचवणारा नियम लागू होऊन सात महिने झाले होते! मी अधिकारपत्र मागितलं नाही. मागितलं असतं तर बहुधा दुसरं दुकान शोधावं लागलं असतं.

त्याच घाबरलेल्या दिवसांत व्हॉट्सॲपवर "आरटीओ चलन" नावाची फाइल आली. मी उघडणारच होतो, मुलीने हातातून फोन ओढून घेतला. अशी एपीके, म्हणजे फोनमध्ये ॲप टाकणारी फाइल, टाकून घेतली की फोनमधले ओटीपी चोरांकडे जातात आणि बँक खातं रिकामं होतं. खरं चलन पाहायचं तर वाहतूक पोलिसांच्या ई-चलन संकेतस्थळावर गाडीचा नंबर आणि चासीचे शेवटचे चार आकडे टाकून पाहता येतं. पत्त्याच्या शेवटी डॉट गव्ह डॉट इन आहे ना, तेवढं बघायचं.

माझ्याकडे पुरावा काय, तर एक फोटो. दुकानाचा पोऱ्या गाडी न्यायला आला तेव्हा बायकोने गाडीला हळदकुंकू लावलं आणि सवयीने फोटो काढला. नंबर प्लेट, पोऱ्याचा चेहरा, फोनमधली तारीख, सगळं त्यात आलं. पैसे रोख घेतले होते, त्यामुळे खात्यात काहीच खूण नाही. डिलिव्हरी नोट "नंतर व्हॉट्सॲप करतो" म्हणाला, ती आलीच नाही. तुम्ही विकाल तेव्हा निदान तेवढी घ्याच, घेणाऱ्याचं नाव, पत्ता, तारीख, वेळ आणि सहीसकट. वेळ महत्त्वाची, कारण त्याच संध्याकाळी काही घडलं तर मिनिटांचा हिशेब लागतो. टीटीवर घेणाऱ्याचं नाव आधी, तुमची सही नंतर. आणि महिन्याभराने एमपरिवहन या सरकारी ॲपमध्ये नंबर टाकून बघा. मालकाचं नाव अर्धं झाकलेलं असतं, पण आपलं आहे की नाही एवढं कळतं.

पोलिसांत तक्रार दिली. आरटीओत अर्ज दिला, पोच घेतली. तिथल्या बाईंनी समजावलं की नुसत्या अर्जाने नाव निघत नाही, घेणारा समोर यायला हवा आणि थकलेली चलनं आधी भरायला हवीत. घेणारा सापडला, पनवेलला पार्सल पोचवणारा पोरगा. त्याने स्कूटर एकोणतीस हजारांना घेतली होती, तीही कोऱ्या टीटीवर. तो मला म्हणाला, "काका, मला तर सांगितलं होतं की मालक परदेशात गेलाय."

दाव्याची तारीख दर दोन महिन्यांनी पडते. साताऱ्याहून अलिबागला जायचं म्हणजे पहाटे निघावं लागतं.