ट्रेलवरची तीन टॉयलेटं: नळ नसलेलं सगळ्यात स्वच्छ निघालं

घाईत असाल तर आधी रेटिंग घ्या. सुरुवातीला पार्किंगपाशी असलेलं फ्लशचं टॉयलेट ५ पैकी २, मधल्या व्ह्यू पॉइंटचं बिनपाण्याचं ४.५ आणि वर कॅम्पसाइटवरचं कंपोस्ट टॉयलेट (मैल्याचं खत करणारं) ३.५. आता सविस्तर लिहिते, कारण ट्रेलचे फोटो सगळे टाकतात पण टॉयलेटबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही आणि बायका, म्हातारी माणसं, लहान मुलं यांचं जायचं की नाही हे बऱ्याचदा त्यावरच ठरतं. माझ्या आईने तर दोन वर्षं फक्त या एका कारणासाठी चालायला यायचं टाळलं, सकाळपासून पाणी प्यायची नाही आणि मग डोकं दुखायचं.

मी चार वेळा जाऊन आले, दोन रविवार, एक शनिवार आणि एक बुधवार, मुद्दाम वेगवेगळ्या वेळी. एकदा आई बरोबर होती (गुडघ्यांचा त्रास), दोनदा सात वर्षांची मुलगी. एकदाच जाऊन रिव्ह्यू लिहिण्यात अर्थ नसतो, सकाळी सातला कुठलंही टॉयलेट चकाचक दिसतं.

पार्किंगवालं बघून आधी मी खूश झाले होते. टाइल्स, बेसिन, आरसा, फ्लश, छतावर टाकी, सगळं आहे. पण रविवारी सकाळी ११ वाजता टाकी रिकामी! फ्लशच्या टॉयलेटला पाणी नसलं की ते साध्या खड्ड्यापेक्षाही वाईट, कारण भांडं बनवलेलंच असतं पाण्याने वाहून नेण्यासाठी, तिथे साठलेलं सगळं डोळ्यासमोर राहतं आणि पुढचा माणूस त्यावरच जातो किंवा बाहेर झुडपात जातो. फरशी कायम ओली, टाइल्सच्या फटींमध्ये लघवी मुरलेली, तो वास नुसतं फिनाईल मारून जात नाही, उलट फिनाईल अधिक लघवी असा तिसराच वास येतो. साबणाच्या डिस्पेन्सरमध्ये तळाला थोडंसं पाणी घातलेलं काहीतरी होतं. दुसरं म्हणजे हे वरून झाकण काढून भरायचे डिस्पेन्सर न धुता नुसते भरत राहिले तर त्या साबणातच जंतू वाढतात, त्यामुळे बंद पाउचवाले बरे, किंवा मग प्रत्येक वेळी रिकामं करून, धुवून, वाळवून भरायचं.

दारामागे सफाईचा तक्ता लावलाय, वेळ आणि सही. मी ११ ला गेले तेव्हा दुपारी ४ च्या रकान्यात सही आधीच होती. मला त्या सही करणाऱ्या माणसावर राग काढायचा नाहीये, एका माणसाकडे किती टॉयलेटं दिली आहेत ते कोणी बघत नसेल तर तक्ता असाच भरला जाणार. पण वाईट वाटलं. प्रत्यक्षात सफाई होते सकाळी साडेसहाला, लोक यायच्या आधी, आणि मग थेट दुसऱ्या दिवशी. रविवारी गर्दी ९ ते १२ असते. म्हणजे जी एकमेव सफाई होते ती गर्दीच्या आधीच होऊन जाते आणि साडेदहानंतर येणाऱ्या प्रत्येकाला घाणच मिळते. माझ्या मते सगळी गडबड इथेच आहे, साबण आणि टाकी या नंतरच्या गोष्टी.

व्हीलचेअरवाल्यांसाठीची खोली आहे, दार बाहेर उघडतं, आत वळायला पुरेशी जागा पण दिसते, पण तिला कुलूप आणि आत मॉप, बादल्या, ड्रम. आईला धरायला बार असलेली तीच एक खोली होती. सॅनिटरी पॅडसाठी डबा कुठेच नाही, त्यामुळे लोकांनी पाइपच्या मागे कागदात गुंडाळून कोंबलेत, आणि ते मग काढणार कोण, तोच साडेसहाचा माणूस, हाताने.

टॉयलेटच्या मागे वीस पावलांवर ओढा आहे आणि त्या वीस पावलांत टिश्यू पसरलेले. नाइलाजाने उघड्यावर जावंच लागलं तर पाण्यापासून निदान ६० मीटर लांब जाऊन १५ ते २० सेंटीमीटर खोल खड्डा करून नंतर मातीने बुजवायचा, हे ट्रेकिंगवाल्यांना माहीत असतं, पण पार्किंगपाशी अडलेल्या माणसाकडून ती अपेक्षा कशी करणार, तो जवळचं झुडूप गाठतो. बंद पडलेल्या टॉयलेटची घाण अशी थेट ओढ्यात उतरते आणि खाली मुलं त्याच ओढ्यात पाय बुडवून बसलेली असतात.

आता मधलं. लांबून बघून मुलगी म्हणाली, आई मी नाही जाणार, ते काळं आहे. सिमेंटची एक खोली, बाजूने वर गेलेला जाड काळा पाइप, नळ नाही, फ्लश नाही, लाइट नाही. आत गेलो आणि वास नाही! खरंच नाही. मी दार लावून मिनिटभर उभी राहून बघितलं.

यात सीटच्या खाली जमिनीत सीलबंद टाकी असते, मैला मातीत मुरत नाही, भरली की टँकर येऊन उपसतो. वास न येण्याचं काम तो काळा पाइप करतो. पाइप टाकीतून निघून छपराच्याही वर जातो, वरून वारा वाहिला की पाइपातली हवा वर ओढली जाते, उन्हाने काळा पाइप तापला की ओढ आणखी वाढते, आणि मग खोलीतली हवा सीटमधून खाली टाकीत जाऊन पाइपाने बाहेर पडते. म्हणजे हवा उलटी वर तुमच्याकडे येतच नाही. पाइपाच्या टोकाला बारीक जाळी असेल तर खोली थोडी अंधारी ठेवण्याचाही फायदा होतो, टाकीतल्या माश्या उजेडाकडे म्हणजे पाइपात जातात आणि जाळीपाशी अडकतात. ही कल्पना आताच्या झिंबाब्वेमध्ये १९७० च्या दशकात ब्लेअर टॉयलेट म्हणून तयार झाली, ती करणाऱ्या पीटर मॉर्गन यांना २०१३ साली स्टॉकहोम वॉटर प्राइझ मिळालं. मुलीला हे सांगितल्यावर ती बाहेर जाऊन पाइपाकडे बघत बसली आणि मग स्वतःहून आत गेली. एकच, बाजूची झाडं वाढून पाइपाच्या वर गेली तर वारा अडतो आणि सगळं गणित बिघडतं, इथे त्या फांद्या छाटलेल्या दिसल्या, म्हणजे कोणीतरी लक्ष ठेवून आहे.

तो कोणीतरी मला शनिवारी भेटला. पन्नाशीचे गृहस्थ, पाठीवर फवारणीचा पंप, दोन्ही हातात पाण्याचे कॅन, खालून चालत आणलेले. मी विचारलं, दादा रोज येता का. म्हणाले, "रोज एक चक्कर, शनिवार-रविवार दोन. पण पहाटे नाही येत, पहिली चक्कर दहाला. सकाळची मंडळी जाऊन आली की साफ केलेलं दुपारच्यांना कामाला येतं." ही वेळ त्यांनी स्वतः सुचवून बदलून घेतली म्हणे. मी सलाम केला मनातल्या मनात.

त्यांची पद्धत बघण्यासारखी. आधी कचरा उचलला, मग कोरडं झाडलं, मग कडी, दाराची मूठ, धरायचा बार, मग सीट आणि शेवटी भांड्याची आतली बाजू, म्हणजे स्वच्छ भागाकडून घाण भागाकडे. सीटला लाल फडकं आणि कडीला निळं, अदलाबदल नाही. आधी साबणाच्या पाण्याने घासून पुसून मगच जंतुनाशक, कारण वर घाण असताना औषध मारलं तर ते घाणीवरच खर्च होतं. आणि मारल्यावर लगेच पुसलं नाही, बाटलीवर लिहिलंय तेवढी मिनिटं ओलं ठेवलं, तोपर्यंत दार लावून बाहेर पाटी अडकवली. मी दहा मिनिटं बाहेर थांबले, एका काकांनी कुरकुर केली, मी त्यांना समजावलं की तो थांबायचा वेळ हेच खरं काम आहे.

खाली पार्किंगच्या त्या कुलपाच्या खोलीबाहेर मात्र अॅसिड आणि ब्लीचच्या बाटल्या शेजारी-शेजारी, त्यातली एक उघडी. हे फार धोक्याचं आहे, दोन्ही मिसळले तर क्लोरीन वायू निघतो, आणि बंद छोट्या खोलीत तो फुप्फुसावर जातो. लघवी साचलेल्या जागी पाण्याने न धुता सरळ ब्लीच ओतलं तरी त्यातल्या अमोनियामुळे डोळे-घसा जाळणारा वायू होतो. हे काम करणाऱ्यांना ग्लोव्ह्ज देतात, पण काय कशात मिसळायचं नाही हे मात्र कोणी सांगत नाही.

मधल्याचा अर्धा स्टार मी हात धुण्यासाठी कापला. बाहेर सॅनिटायझर आहे, भरलेला होता चारही वेळा, पण पाणी-साबण नाही. नोरोव्हायरस म्हणजे उलट्या-जुलाबांची साथ पसरवणारा जो विषाणू असतो त्यावर अल्कोहोलचा सॅनिटायझर नीट चालत नाही, आणि त्याचे शंभरापेक्षाही कमी कण पोटात गेले तरी माणूस आजारी पडू शकतो. तिथे साबण लावून २० सेकंद चोळून धुणं हाच उपाय. पायाने दाबायचा पंप असलेला वीस-तीस लिटरचा पाण्याचा ड्रम ठेवला तरी भागेल, पण तो भरायला परत त्या दादांनाच वर पाणी न्यावं लागेल, म्हणून माणूस वाढवल्याशिवाय मी ही मागणी करणार नाही. तोपर्यंत आम्ही कागदी साबण आणि पाण्याची एक जादा बाटली नेतो.

पॅडसाठी पायाने उघडणारा झाकणाचा डबा आहे, आत पिशवी लावलेली. आणि आत एकच पाटी, मोठ्या अक्षरात, वाइप्स आणि कचरा टाकीत टाकू नका. दादा म्हणाले की टँकरच्या पाइपात सगळ्यात जास्त अडकतात ते वेट वाइप्स आणि प्लास्टिकच्या बाटल्या, मग लांब आकडा घालून एकेक बाहेर काढावं लागतं. बऱ्याच वेट वाइप्समध्ये प्लास्टिकचे धागे असतात, कागदासारखे विरघळत नाहीत. प्लीज टाकू नका, बरोबर झिपची पिशवी ठेवा आणि खाली आणून डब्यात टाका.

वरचं कंपोस्ट टॉयलेट थोडक्यात. पुढे लघवीसाठी वेगळा भाग, मागे मैल्यासाठी वेगळा, शेजारी मैल्यावर टाकायला लाकडाच्या भुशाची बादली आणि डाव. दोन्ही वेगळं ठेवायचं कारण एकत्र झालं की लघवीतल्या युरियाचा अमोनिया होतो आणि तोच नाकात जातो. बुधवारी छान कोरडं, जंगलात पाऊस पडून गेल्यावर येतो तसा मातीचा वास. रविवारी मात्र भुशाची बादली रिकामी आणि कोणीतरी आत बाटलीभर पाणी ओतलेलं, मग लगदा, वास, माश्या. हे टॉयलेट वापरणाऱ्याच्या भरवशावर चालतं आणि पहिल्यांदा येणाऱ्याला ते कसं वापरायचं हे कळत नाही, पाटीवर नुसती अक्षरं आहेत, चित्रं हवीत. आणि खत तयार झालं म्हणून लगेच झाडांना घालत असतील तर घालू नये, जंताची अंडी मातीत वर्षानुवर्षं तग धरतात, पूर्ण मुरायला वेळ द्यावा लागतो. बसायला उंची चांगली आहे, पण तीन पायऱ्या, रॅम्प नाही, आई चढू शकली नाही, म्हणून ३.५.

जाणार असाल तर, घरून निघताना एकदा जाऊन या, पार्किंगला थांबू नका, मधलं गाठा, सुरुवातीपासून साधारण पाऊण तास. रविवारी साडेदहाच्या पुढे गेलात तर दादांची चक्कर नुकतीच झालेली असते. भेटले तर बोला त्यांच्याशी.

पार्किंगच्या टॉयलेटबद्दल मी लेखी तक्रार दिली आहे, तीनच मागण्या: पहिली सफाई साडेदहाला करा, सुट्टीच्या दिवशी दुसरी एकला करा आणि त्यासाठी जादा माणूस द्या, व्हीलचेअरच्या खोलीतलं सामान हलवून कुलूप काढा. पुढच्या महिन्यात आईला घेऊन रविवारी दुपारी दोन वाजता जाणार आहे, तेव्हा बघून रेटिंग बदलते.