नाशिकच्या कॉलेज रोडचा इंग्रजी वर्ग: पॅकेज सोडा, मॅडमची बॅच घ्या

पाचपैकी साडेतीन तारे. त्यातले तीन व्याकरण शिकवणाऱ्या मॅडमचे, अर्धा एसीचा. उरलेले दीड कुठे गेले ते पुढे येईलच.

बाहेर ‘दोन महिन्यांत फाडफाड इंग्रजी’ असा फलक आहे, तो वाचून आत जाऊ नका. काउंटरवरचा मुलगा आधी साडेनऊ हजारांचं पॅकेज पुढे करतो: स्पोकन, ग्रामर, पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट, मुलाखतीची तयारी, सगळं एकत्र. नुसतं ग्रामर साडेतीन हजारांत मिळतं, पण आपण विचारल्याशिवाय ते सांगत नाहीत. विचारा.

मी पिंपळगावच्या बाजूला द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये डॉक्युमेंटेशन बघतो. रेसिड्यू रिपोर्ट (फवारणीच्या औषधांच्या अंशाचा अहवाल) आला का, फायटो (माल कीड-रोगमुक्त असल्याचा दाखला) निघालं का, रीफर म्हणजे थंड कंटेनर न्हावा शेवा बंदराला कधी लागला, हे सगळं रॉटरडॅमच्या खरेदीदाराला इंग्रजीत कळवायचं. ‘ऑलरेडी वुई हॅव सेंट द रिपोर्ट’ अशा मेलवर आमचा एकही कंटेनर अडलेला नाही, त्यांना समजतं. मला जायचं होतं ते त्यांचं लिहिणं नीट समजावं म्हणून. गोरा माणूस एखादा शब्द इकडचा तिकडे बसवतो आणि त्यात त्याचं म्हणणं लपलेलं असतं.

बॅचमध्ये सगळी सरमिसळ. अंबडच्या कारखान्यातला एक सुपरवायझर, एक स्टाफ नर्स, २०२७च्या सिंहस्थासाठी हॉटेलवाल्यांनी पाठवलेली रिसेप्शनची दोन मुलं, आणि गंगापूर धरणाकडच्या एका वायनरीत पर्यटकांना चव दाखवणारा एक उंच पोरगा. मॅडम सगळ्यांना ‘अहो’ म्हणतात, त्या पोराला सुद्धा.

आता त्यांची खरी करामत. पाच जणांना फळ्यापुढे ओळीत उभं करतात आणि प्रत्येकाच्या हातात एक पाटी: ‘द बॉक्सेस’, ‘शुड’, ‘हॅव’, ‘बीन’, ‘चेक्ड’. सहाव्याला ‘ऑलवेज’ची पाटी देतात आणि म्हणतात, शोधा तुमची जागा. आपला माणूस हमखास ओळीच्या एका टोकाला जाऊन उभा राहतो. साहजिकच आहे. मराठीत ‘कंटेनर आधीच निघाला आहे’ म्हणा नाहीतर ‘आधीच कंटेनर निघाला आहे’, ‘निघाला’ आणि ‘आहे’ यांच्या मधे ‘च’ किंवा ‘तर’सारखं चिल्लर सोडलं तर सहसा कोणी घुसत नाही. इंग्रजीत नेमकी तीच मधली जागा बसायची. ‘द कंटेनर हॅज ऑलरेडी लेफ्ट.’ हेल्पिंग व्हर्ब (‘हॅव’, ‘शुड’सारखी सहायक क्रियापदं) एकापेक्षा जास्त असतील तर ‘ऑलवेज’, ‘ऑलरेडी’, ‘प्रॉबेब्ली’ वगैरे मंडळी पहिल्याच्या मागोमाग: ‘शुड ऑलवेज हॅव बीन चेक्ड’.

मग सातवा माणूस येतो, ‘प्रॉपर्ली’ घेऊन. त्याला मॅडम पहिल्या हेल्पिंग व्हर्बच्या मागे उभं राहू देत नाहीत. काम कसं केलं हे सांगणारा शब्द कामाच्या क्रियापदाला चिकटून हवा. त्यामुळे ‘द बॉक्सेस हॅव ऑलरेडी बीन प्रॉपर्ली सील्ड’ या एका वाक्यात ‘ऑलरेडी’ ‘हॅव’जवळ आणि ‘प्रॉपर्ली’ ‘सील्ड’जवळ. वायनरीवाला पोरगा त्या दिवशी ‘बीन’ होता. दोन्ही बाजूंनी दाटी झाली तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होता.

हेल्पिंग व्हर्ब नसेल तर ‘ऑलवेज’सारखा शब्द क्रियापदाच्या आधी (‘ही युज्वली कम्स लेट’), नुसतं ‘इज’ असेल तर त्याच्या नंतर (‘ही इज ऑलवेज लेट’). हे दहा मिनिटांत उरकलं आणि तेवढंच पुरे होतं. क्रियापद आणि त्याचं कर्म यांच्या मधे मात्र शिरायचं नाही. ‘चेक्ड केअरफुली द रिपोर्ट’ म्हटलं की मॅडम डस्टर आपटतात.

नकाराचा तास मला सगळ्यात जास्त उपयोगी पडला. ‘द ट्रक प्रॉबेब्ली वोन्ट रीच टुनाइट’, ‘द रिपोर्ट स्टिल हॅजन्ट कम’: इथे ‘प्रॉबेब्ली’ आणि ‘स्टिल’ नकाराच्या आधी येतात. ‘ऑलवेज’ नंतर: ‘डझन्ट ऑलवेज’. आणि ‘रिअली’ तर जागा बदलून अर्थच फिरवतो. ‘वुई डोन्ट रिअली लाइक द कलर’ म्हणजे रंग फारसा पसंत नाही, बोलणी होऊ शकतात. ‘वुई रिअली डोन्ट लाइक द कलर’ म्हणजे रंग अजिबात चालणार नाही. मण्यांवर जरा पिवळी झाक आलेल्या मालासाठी यातलं कुठलं वाक्य आलंय, हे कळणं म्हणजे पैसे आहेत. साडेतीन हजार इथेच वसूल.

आता दीड ताऱ्याचं. वर्गाची स्वतःची छापील पुस्तिका आहे, पॅकेजमध्ये ‘मोफत’ आणि आम्हाला दोनशे रुपयांना. तिच्यात चक्क लिहिलंय की हेल्पिंग व्हर्ब आणि मुख्य क्रियापद यांच्या मधे ‘ऑलवेज’सारखं अ‍ॅडव्हर्ब घालणं टाळावं. मॅडमनी पहिल्याच दिवशी सगळ्यांना त्या ओळीवर काट मारायला लावली आणि २० जानेवारी २००९चा किस्सा सांगितला. अमेरिकेच्या राज्यघटनेत अध्यक्षांच्या शपथेचे शब्द ठरलेले आहेत: ‘आय विल फेथफुली एक्झिक्यूट द ऑफिस’. ओबामांना शपथ देताना सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी कागद हातात घेतला नव्हता आणि ‘फेथफुली’ उचलून वाक्याच्या शेवटी टाकला. ओबामा थबकले. दुसऱ्या दिवशी, शंका नको म्हणून, व्हाइट हाऊसमध्ये शपथ पुन्हा झाली. भाषाशास्त्रज्ञ स्टीव्हन पिंकर यांनी तेव्हा लिहिलं होतं की क्रियापद फोडू नये या जुन्या समजुतीची सवय रॉबर्ट्स यांना नडली. ते खरं असेल-नसेल, पण घटनेत ‘विल’ आणि ‘एक्झिक्यूट’च्या मधे ‘फेथफुली’ दिमाखात बसलेला आहे आणि पुस्तिका म्हणते टाळा! एवढी फी घेणाऱ्यांनी निदान आपली पुस्तिका आपल्याच शिक्षिकेला दाखवून छापावी.

मॅडमनाही एक सांगणं आहे. छोटी उत्तरं राहून गेली. ‘डू यू चेक द सील?’ याला ‘येस, आय ऑलवेज डू’ असं उत्तर येतं, तिथे ‘ऑलवेज’ ‘डू’च्या आधी जातो, कारण पुढचं क्रियापद बोललेलंच नसतं. फोनवर हेच सगळ्यात जास्त लागतं. नर्सबाईंनी विचारलं तेव्हा ‘पुढे घेऊ’ म्हणाल्या आणि बॅच संपली.

पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटच्या फुकटच्या डेमोला एकदा बसलो होतो. सरांनी आरशापुढे हसायला लावलं. त्याबद्दल एवढंच.

गाडी कॉलेज रोडवर लावायला जागा मिळत नाही, गल्लीत लावा आणि पंधरा मिनिटं हाताशी ठेवा. पंचवटीकडून येणाऱ्यांनी संध्याकाळची वर्दळ धरून आणखी थोडी. पैसे भरायच्या आधी बॅच याच मॅडमची आहे ना, हे पावतीवर लिहून घ्या, कारण मधेच शिक्षक बदलतात अशी तक्रार आधीच्या बॅचवाल्यांकडून ऐकली. आणि द्राक्षवाल्यांनी पावसाळ्यातलीच बॅच धरावी. ऑक्टोबर छाटणी सुरू झाली की बागवाले अडकतात, जानेवारीत माल सुरू झाला की पॅकहाऊसवाले, आणि बुडालेल्या तासांचे पैसे हे लोक परत देत नाहीत.