रायझन ५ ५६००: गेमिंगला दणकट, रेकॉर्डिंगला कूलर बदला

एएमडीचा हा प्रोसेसर: सहा कोअर, बारा थ्रेड, ३२ एमबी एल३ कॅशे (प्रोसेसरमधलीच वेगवान मेमरी), तरी फक्त ६५ वॉट. १०८०पी गेमिंगसाठी पैसा वसूल. रॅम मात्र ८-८ जीबीच्या दोन स्टिकमध्येच घ्या. एकच १६ची लावली की ड्युअल चॅनल (दोन स्टिकमधून एकाच वेळी डेटा वाहणं) जातं आणि गेमचे फ्रेम पडतात. या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नाही, म्हणजे वेगळं ग्राफिक्स कार्ड हवंच. जुन्या बी४५० मदरबोर्डावर आधी बायोस (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करा.

खरी कटकट सोबत येणाऱ्या रेथ स्टेल्थ कूलरची. लोड आला की त्याची घरघर थेट कंडेन्सर माइकमध्ये उतरते. १२० मिमी पंख्याचा टॉवर कूलर बसवा. रेकॉर्डिंगमध्ये ४८ किलोहर्ट्झला १२८ सॅम्पलचा बफर (प्रोसेसरला एका वेळी मिळणारा आवाजाचा तुकडा) म्हणजे जेमतेम २.७ मिलिसेकंद. त्यावर आवाज तडतडला, तर प्रोसेसरला शिव्या घालण्याआधी वायफाय बंद करून बघा. बऱ्याचदा घोळ त्याच्या ड्रायव्हरचा असतो.