टोमॅटो कुठला घ्यायचा: सुपरमार्केटचा, मंडईतला की बाल्कनीतला?

मागच्या जानेवारीत घरी एक उद्योग केला. सुपरमार्केटचा एक टोमॅटो, भाजीवाल्या मावशींकडचा एक आणि कुंडीतला एक, तिघांच्या फोडी केल्या, वर नुसतं मीठ भुरभुरवलं आणि सगळ्यांना डोळे मिटून खायला लावलं. सासूबाई पहिल्याच फोडीला म्हणाल्या, "ही काकडी कुठनं आणलीस?" तो सुपरमार्केटचा होता, दिसायला तिघांत सगळ्यात देखणा.

आता मैत्रीण विचारतेय की बाल्कनीत कुंड्या-माती आणून खर्च करू का, म्हणून हे लिहायला बसले.

आधी एक गैरसमज काढून टाका. घरचा टोमॅटो ऑरगॅनिक असतो म्हणून चवदार लागतो असं सगळे म्हणतात, पण खरी भानगड तीन गोष्टींत आहे, बी कुठलं, तोडला कधी आणि ठेवला कुठे. खत त्यानंतर.

तोडण्याचं घ्या. नारायणगाव किंवा पिंपळगाव बसवंतच्या मार्केटला माल क्रेटमध्ये एकावर एक रचून जातो आणि तिथून ट्रकने पार लांब लांब, त्यामुळे झाडावर लालबुंद झालेला टोमॅटो पाठवला तर पोचेपर्यंत त्याचं सार होईल ना! म्हणून खालच्या टोकाला जराशी गुलाबी झाक आली, आंब्याला पाड लागतो तसं, की तोडायचा. पुढे तो स्वतःच इथिलीन नावाचा पिकवणारा वायू सोडतो आणि वाटेत लाल होतो, आंबा आढीत पिकतो तसाच, पण साखर येते पानांकडून देठावाटे आणि देठ तुटला की ती आवक बंद, मग रंग चढतो आणि गोडी जिथल्या तिथे राहते.

दुसरं बी. बाजारातले हायब्रीड निवडलेत जाड सालीसाठी, टिकण्यासाठी, उत्पन्नासाठी. यात शेतकऱ्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही, त्याला पैसे किलोवर मिळतात, चवीवर कोण देतं? 2012 साली एक संशोधन आलं होतं ते मला फार आवडतं. जुन्या जातींच्या कच्च्या फळाला देठाजवळ गडद हिरवा भाग असायचा, तो नको, फळ एकसारखं पिकलेलं दिसावं म्हणून कित्येक वर्षं तो भाग नसलेलीच झाडं निवडली गेली, आणि नंतर कळलं की त्या हिरव्या भागामागचं जनुकच फळात थोडी जास्तीची साखर तयार करायला मदत करत होतं. म्हणजे देखणेपणासाठी गोडी घालवली. 2017 साली फ्लोरिडा विद्यापीठाच्या हॅरी क्ली यांच्या गटाने जवळजवळ 400 जाती तपासल्या, तर चवीला महत्त्वाचे 13 सुगंधी घटक आधुनिक जातींत कमी निघाले. टोमॅटोची अर्धी मजा नाकातच असते, सर्दी झाल्यावर खाऊन बघा.

आणि तिसरा फ्रीज, जो आपल्याच घरात आहे. साधारण 12 अंशांच्या खाली टोमॅटोला वास देणारी यंत्रणा मंदावते, आणि आठवडाभर 5 अंशांत राहिला तर नंतर एक दिवस बाहेर ठेवूनही वास पुरता परत येत नाही. मंडईतनं छान टोमॅटो आणून आपण थेट फ्रीजच्या तळाशी ढकलतो आणि वर म्हणतो हल्ली कशाला चवच राहिली नाही.

तर मग काय घ्यायचं?

सुपरमार्केट किंवा दहा मिनिटांत घरी आणून देणारं अ‍ॅप, ग्रेव्हीला, रस्सा भाजीला बिनधास्त चालतं. कांदा, लसूण, मसाला पडल्यावर कुणाला फरक कळतो? सँडविचलाही हेच बरे, पाणी कमी सुटतं. नुसतं कच्चं खायचं असेल तर मात्र नको.

मंडई किंवा शेतकरी आठवडे बाजार, माझ्या मते बहुतेकांसाठी हाच पर्याय. तिथे हाताळून घेता येतं हा मोठा फायदा. "गावठी आहे" असं तर सगळेच सांगतात, त्यावर जाऊ नका, चपटा, चुण्या पडलेला, पातळ सालीचा, देठाशी हिरवट-पिवळट दिसला तर घ्या. असला माल दोन दिवसांत मऊ पडतो, म्हणून थोडा थोडाच आणायचा.

बाल्कनी. इथे आधी ऊन मोजा, मगच पाकीट उघडा. रोज सहा तास थेट ऊन नसेल तर टोमॅटोच्या नादी लागू नका, नुसता पाला वाढेल. पुण्याच्या हवेत सप्टेंबर-ऑक्टोबरात रोप लावलं तर थंडीत फळं मिळतात, मार्च-एप्रिलच्या उन्हात फुलं गळतात. पांढरी माशी आली की पानं चुरडतात आणि झाड गेलंच समजा. माझे पहिल्या वर्षी बॅगा, माती, गांडूळखत, बी मिळून तेराशे रुपये गेले आणि टोमॅटो निघाले चार किलो, आता हिशेब तुम्हीच करा. आणि हो, नर्सरीतलं रोप बऱ्याचदा तेच बाजारातलं हायब्रीड असतं, ते लावलं तर झाडावर पिकल्याचा फायदा मिळेल, जातीचा नाही. चवीच्या गावठी टोमॅटोचं बी धरा, किंवा सरळ चेरी टोमॅटो लावा, ते नवशिक्याला सांभाळून घेतात.

ऊन कमी असेल तर कोथिंबीर, पुदिना लावा. खुडून पाच मिनिटांत चटणीत जाते, तो वास प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या जुडीला कुठून येणार. मका आणि मटार तोडल्यापासून गोडी घालवायला लागतात, साखरेचा स्टार्च होतो, पण ते बाल्कनीत परवडत नाहीत, त्यासाठी सकाळी सकाळी मंडई गाठा. कांदे-बटाटे कुठूनही घ्या, काही फरक पडत नाही.

माझं सध्या असं चाललंय, रोजच्या स्वयंपाकाला मावशींकडून आठवड्यातनं दोनदा किलोभर, कोशिंबिरीला कुंडीतले असतील तोवर तेच, आणि कुठलेही असले तरी ओट्यावरच्या परडीत, देठाची बाजू खाली करून.